शिंगांचा उसना मान

हिंगोलीकडील एखाद्या सुशिक्षित घरांतल्या मुलास डायनोसॉरचें चित्र काढावयास सांगावें. तो बहुधा तीन शिंगांचा, मानेवर ढाल मिरविणारा ट्रायसेराटॉप्स काढील. येथवर आमची तक्रार नाहीं. परंतु "असलीं जनावरें आपल्याही माळावर चरत असतील" असें वडीलधारीं माणसें कौतुकानें सांगूं लागतात, तेव्हां मात्र आम्हांस गप्प बसवत नाहीं.

हिंगोलीची भूमि सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं ज्वालामुखींच्या रसानें घडली. त्या थिजलेल्या काळ्या दगडांत हाडें शोधणें म्हणजे पेटत्या चुलींत लोणी शोधणें होय! शिंगाळ व जाड कवटीचे शाकाहारी डायनोसॉर मुख्यतः उत्तर अमेरिका, चीन व मंगोलिया येथें सांपडले आहेत. भारत त्या काळीं आशियास जोडलेलाच नव्हता; तो समुद्रांतून उत्तरेकडे सरकत होता. येथें त्यांचा एकही निर्विवाद अवशेष अद्यापि मिळालेला नाहीं.

"उद्यां मिळणार नाहीं कशावरून?" असें कोणी विचारील. मिळाल्यास आम्हांसही आनंदच आहे. पण आशा म्हणजे पुरावा नव्हे. शिंगांनीं व कवट्यांनीं भल्याभल्यांस फसविलें आहे. १८८७ सालीं डेन्व्हरजवळ मिळालेलीं शिंगें मार्शसारख्या पंडितानें बायसनचीं ठरविलीं. ट्रायसेराटॉप्स हें नांव त्यानें १८८९ मध्यें दिलें. मादागास्करांतील एक घुमटाकार कवटी १९७९ मध्यें जाड कवटीच्या शाकाहाऱ्याची मानली गेली. १९९८ मध्यें ती मांसाहाऱ्याची निघाली. गुजरातेंतील रहिओलीच्या राजासॉरसच्या डोक्यावरही शिंग होतें, पण तोही मांसाहारीच! शिंगावरून कूळ ठरविण्याची घाई किती महाग पडते, हें यावरून दिसेल.

आणि उसन्या वैभवाची एवढी हांव कां? आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यांत डोंगरगांव येथें एका लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. १९९७ मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन झालें. २००३ मध्यें, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या नांवावरून, त्यास इसिसॉरस हें नांव मिळालें. तें नांव आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

मुलांनीं ट्रायसेराटॉप्स खुशाल रंगवावा. त्याखालीं 'उत्तर अमेरिका' एवढें लिहावें, आणि शेजारीं इसिसॉरसलाही जागा द्यावी. त्याला शिंगें नाहींत. पण तो खरोखरीच आपल्या मातींतला आहे.