कर्नाटकच्या क्रिकेटला लागलेली ओहोटी

रणजी करंडकावर कर्नाटकचे नाव २०१५ पर्यंत आठ वेळा कोरले गेले. त्यातील आठवी नोंद मार्च २०१५ ची आहे. त्या हंगामात उपांत्य सामन्यात बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मुंबईचा डाव अवघ्या ४४ धावांत आटोपला आणि वानखेडेवरील अंतिम सामन्यात करुण नायरच्या ३२८ धावांखाली तमिळनाडूचा संघ दबून गेला. रणजी, इराणी आणि विजय हजारे हे तीनही करंडक सलग दुसऱ्या हंगामात कर्नाटककडे आले. हे वर्चस्व दीर्घकाळ टिकेल, असे वाटणे तेव्हा स्वाभाविक होते. प्रत्यक्षात २०१५-१६ ते २०२४-२५ या काळात या संघाला रणजीचा अंतिम सामनाही गाठता आला नाही.

पराभवांचा क्रम बोलका आहे. २०१७-१८ मध्ये कोलकात्यात उपांत्य सामन्यात विदर्भाने पाच धावांनी हरवले. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात बारा बळी घेतले. त्यानंतर सौराष्ट्राने दोनदा, २०१८-१९ आणि २०२२-२३ मध्ये, खुद्द बंगळूरमध्ये येऊन उपांत्य फेरीत मात केली. दुसऱ्या वेळी तर मयंक अगरवालच्या २४९ धावाही व्यर्थ गेल्या. २०२४-२५ मध्ये संघ साखळीतूनच बाहेर पडला.

तथापि याच काळात कर्नाटकने विजय हजारे करंडक तीनदा आणि मुश्ताक अली करंडक सलग दोनदा जिंकला, याचा विसर पडता कामा नये. म्हणजे गुणी खेळाडूंचा झरा आटलेला नाही. ओहोटी लागली आहे ती चार-पाच दिवसांच्या क्रिकेटला, आणि त्यातही प्रामुख्याने गोलंदाजीला. आर. विनयकुमार, अभिमन्यू मिथुन आणि श्रीनाथ अरविंद या तिघा वेगवान गोलंदाजांनी विजेतेपदे मिळवून दिली. अरविंद २०१८ मध्ये निवृत्त झाला, विनयकुमार २०१९ मध्ये पुद्दुचेरीकडे गेला आणि २०२१ मध्ये मिथुननेही निरोप घेतला. बेळगावच्या रोनित मोरेने काही हंगाम नेटाने भार वाहिला. प्रसिध कृष्ण भारतीय संघ आणि दुखापती यांत अडकत राहिला. फिरकीचे तर विचारूच नये. एरापल्ली प्रसन्ना, चंद्रशेखर, कुंबळे यांच्या गावात प्रतिस्पर्ध्याचा डाव एकहाती गुंडाळणारा फिरकी गोलंदाज या काळात घडला नाही. मराठी वाचकांना स्मरत असेल, १९७४ मध्ये मुंबईची सलग पंधरा विजेतेपदांची मालिका बंगळूरमध्येच खंडित झाली, तेव्हा कर्नाटकचे कर्णधार प्रसन्नाच होते.

नवे खेळाडू घडविण्याचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. बसवनगुडी, जयनगर, जे. पी. नगर हा दक्षिण बंगळूरचा पट्टा क्रिकेटवेड्या मध्यमवर्गाचा. पाठीवर जडशीळ बॅग घेऊन पहाटे सरावाला निघालेली मुले तेथे आजही दिसतात. परंतु आयपीएलचे करार डोळ्यांसमोर असताना दिवसभरात पंचवीस षटके टाकण्याचा कंटाळवाणा अभ्यास किती मुले, आणि त्यांचे किती पालक, पत्करतील? वस्तुतः कर्नाटकची ताकद केवळ राजधानीतून आलेली नव्हती. विश्वनाथ भद्रावतीचे, श्रीनाथ म्हैसूरचे, विनयकुमार दावणगेऱ्याचा. २०१० ते २०१३ या काळात कुंबळे आणि श्रीनाथ यांनी राज्य संघटनेची सूत्रे सांभाळताना जिल्ह्यांतील मैदानांवर भर दिला, तो याच जाणिवेतून. पाठोपाठ आलेल्या यशाशी त्या कामाचा संबंध जोडणे गैर ठरणार नाही. पुढे कर्नाटक प्रीमियर लीगमधून जिल्ह्यांतील मुलांना व्यासपीठ मिळेल ही अपेक्षा होती; २०१९ मध्ये सामना निश्चितीच्या प्रकरणात खेळाडूंनाच अटक झाली आणि ती स्पर्धा बंद पडली. तिची जागा २०२२ मध्ये महाराजा करंडकाने घेतली, पण तीही वीस षटकांचीच स्पर्धा.

दुसरा दोष अधिक क्लेशदायक आहे. जे घडले, त्यांनाही संघाने धरून ठेवले नाही. गणेश सतीश विदर्भाकडे गेला आणि तेथील पहिल्या दोन्ही रणजी विजेत्या संघांत राहिला. करुण नायर हा कसोटीत त्रिशतक झळकविणारा दुसरा भारतीय फलंदाज. २०२२ मध्ये त्याला कर्नाटकच्या संघातही स्थान उरले नाही. २०२३ मध्ये त्याने नागपूर गाठले. त्याच हंगामात उपांत्यपूर्व सामन्यात विदर्भाने कर्नाटकला १२७ धावांनी हरवले, त्यात नायरच्या ९० धावा होत्या. २०२४-२५ च्या रणजीत त्याने ८६३ धावा केल्या, अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ८६ आणि १३५. विदर्भाची रीत साधी होती: वसीम जाफरसारख्या, मोठ्या संघांना नकोशा झालेल्या अनुभवी फलंदाजाभोवती स्थानिक तरुणांना उभे करायचे. दानिश मालेवारने त्या अंतिम सामन्यात १५३ धावा केल्या, तेव्हा दुसऱ्या टोकाला नायर उभा होता. हर्ष दुबेने त्याच हंगामात ६९ बळींचा विक्रम केला. बंगळूरने नाकारलेला अनुभव नागपूरच्या कामी आला.

जून २०२५ मध्ये चिन्नास्वामी मैदानाबाहेरील चेंगराचेंगरीत अकरा जणांचा बळी गेला आणि संघटनेच्या कारभारावर प्रश्नचिन्ह उमटले. डिसेंबर २०२५ मध्ये व्यंकटेश प्रसाद अध्यक्षपदी निवडून आले. म्हणजे नव्वदच्या दशकातील पिढीकडेच पुन्हा धुरा आली. पदार्पणाच्या हंगामात पंजाबविरुद्ध द्विशतक आणि विजय हजारेच्या अंतिम सामन्यात शतक करणारा डावखुरा आर. स्मरण हे त्यांच्या हाती आलेले मोठे धन आहे. करुण नायरही २०२५-२६ च्या हंगामासाठी घरी परतला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी.