विश्लेषण : थंडी घटली, सफरचंदाची फूट अडली, वाणनिवडीची किल्ली जनुकांत

नवी दिल्ली : हिमाचल प्रदेशात हिवाळा कोरडा आणि उबदार गेला की सफरचंद उत्पादकांची चिंता केवळ पाण्यापुरती राहत नाही. पुरेशी थंडी न मिळालेल्या झाडांचे डोळे वसंतात एकसारखे फुटत नाहीत. बहर रेंगाळतो, परागीकरणासाठी लावलेल्या झाडांच्या बहराशी त्याचा मेळ बसत नाही आणि फळधारणा घटते.

डिलिशियस गटातील पारंपरिक वाणांना सुमारे सात अंश सेल्सिअसखालील तापमानाचे हजारांहून अधिक तास लागतात. झाड हा हिशेब कसा ठेवते, याचा महत्त्वाचा धागा मेक्सिकोतील पीचच्या ‘एव्हरग्रोइंग’ या उत्परिवर्तित झाडातून मिळाला. हे झाड हिवाळ्यातही सुप्तावस्थेत जात नाही. त्याच्यातील ओळीने असलेल्या सहा ‘डॅम’ जनुकांपैकी काही गळालेली असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

ही जनुके डोळ्यांना सुप्तावस्थेत ठेवतात. थंडी साठत गेली की त्यांच्याभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांवर रासायनिक खुणा उमटतात आणि जनुके हळूहळू शांत होतात. सुप्तावस्थेत कॅलोज या पदार्थाने बुजलेले पेशींमधील सूक्ष्म मार्गही थंडीनंतर खुले होतात. त्यापुढे वसंतातील ऊब काम करते. पॉप्लरमध्ये ‘ईबीबी१’ हे जनुक फुटीला चालना देत असल्याचे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. थंडी अपुरी पडली, तर पहिला टप्पाच अर्धवट राहतो आणि नंतरची ऊब त्याची पूर्ण भरपाई करू शकत नाही.

यावर तीन मार्ग दिसतात. मात्र प्रत्येकाला मर्यादा आहे. लागवड किन्नौर, लाहौल-स्पितीसारख्या उंच भागांकडे सरकत आहे. परंतु खालच्या पट्ट्यातील बागायतदाराला आपली जमीन सोबत नेता येत नाही. फूट आणण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड वापरले जाते. नाशिकच्या द्राक्षबागांतही ऑक्टोबर छाटणीनंतर ते लावतात. परंतु हे रसायन विषारी असून युरोपीय संघात त्याच्या वापराला मान्यता नाही.

तिसरा मार्ग कमी थंडीत फुटणाऱ्या वाणांचा. इस्रायलमधील ‘अ‍ॅना’ला तीनशेच्या आसपास तास पुरतात. बिलासपूर जिल्ह्यातील शेतकरी हरिमन शर्मा यांनी विकसित केलेले ‘एचआरएमएन-९९’ही याच गटातील. मात्र अशी झाडे थंड प्रदेशात लवकर फुलतात आणि उशिराच्या कडाक्यात बहर करपण्याचा धोका असतो. त्यामुळे एकच वाण सर्वत्र लावणे हा तोडगा ठरत नाही.

येथेच जनुकीय ज्ञानाचे व्यावहारिक मोल आहे. सफरचंदाच्या रोपाची पारख फळे येईपर्यंत थांबून करायची, तर कित्येक वर्षे जातात. जनुकीय खुणांच्या आधारे ती रोपावस्थेतच सुरू करता येते. आज लावलेली बाग दोन-तीन दशके उभी राहणार असल्याने, तिची निवड मागच्या नव्हे, तर पुढच्या हिवाळ्यांकडे पाहून करावी लागेल.