अर्ध्यावर सोडलेला शेक



या महिन्यात गुडघेदुखीवर लिहायचे ठरवले होते. पण चिपळूणकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आणि तो विषय पुढे ढकलला. तिच्या परवानगीने, नावगाव न देता, पत्रातला मजकूर थोडक्यात सांगते.

तिच्या सासूबाई ५८ वर्षांच्या. पाळी जाऊन आठ वर्षे झाली होती. मग अंगावरून लाल जाऊ लागले. चार महिने त्यांनी कुणाला सांगितले नाही. कपड्यावरचे डाग सुनेला दिसले तेव्हा गोष्ट बाहेर आली. मुंबईत तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला आणि निदान आले: गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, पुढच्या टप्प्यातला, ऑपरेशनपलीकडे गेलेला. कुर्ल्याला नणंदेकडे राहून पाच आठवड्यांत २५ वेळा शेक घेतला आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. रक्त थांबले, भूक लागू लागली. मग डॉक्टर म्हणाले, ‘आता आतून शेक द्यायचा आहे.’ सासूबाई म्हणाल्या, ‘मी बरी झाले, मला घरी न्या,’ आणि घरी आल्या.

सुनेचा प्रश्न असा: ‘घरात सगळे म्हणतात, बरे वाटतेय तर कशाला छळायचे? मी एकटीच म्हणते की जायला हवे. मी चुकते आहे का?’

नाही, ताई. तुम्ही चुकत नाही.

पत्रात नंबर होता, म्हणून मासिक छापून येण्याची वाट न पाहता मी त्याच संध्याकाळी फोन केला. कारण या उपचारात दिवस मोजून असतात. बाहेरचा शेक सुरू झाल्यापासून आतला शेक संपेपर्यंत सगळे आठ आठवड्यांत पुरे व्हावे लागते. जितका उशीर, तितकी गाठीला पुन्हा वाढायला सवड.

रक्त थांबले, म्हणजे रोग गेला का?

नाही. बाहेरच्या शेकाने गाठ आकसते, म्हणून रक्त थांबते. पण गाठीचे मूळ शिल्लक असू शकते. ते जाळायला किरणांची मात्रा बरीच जास्त लागते. ती बाहेरून देता येत नाही, कारण गर्भाशयाच्या तोंडापुढे लघवीची पिशवी आहे आणि मागे गुदाशय. बाहेरून मात्रा वाढवली, तर हे दोन्ही अवयव भाजून निघतील. म्हणून बाहेरून ठरावीक मर्यादेपर्यंत द्यायचे आणि उरलेले आतून, गाठीला अगदी चिकटून द्यायचे. या आतल्या शेकाला ब्रॅकीथेरपी म्हणतात. ‘ब्रॅकी’ हा ग्रीक शब्द, अर्थ जवळचा, कमी अंतराचा. चुलीजवळ बसणाऱ्याला ऊब लागते आणि दारातल्याला लागत नाही, तसेच हे आहे. अंतर दुप्पट झाले की किरणांचा जोर साधारण चौथाईवर येतो. म्हणून गाठीला भरपूर मिळते आणि शेजारच्या अवयवांना कमी.

हा प्रयोग नव्हे. मेरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली रेडियम शोधले आणि पुढच्या काही वर्षांतच ते या रोगासाठी वापरले जाऊ लागले. पूर्वी बाईला आत नळ्या ठेवून दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत निजवून ठेवत. आज बहुतेक ठिकाणी काम काही मिनिटांचे आहे.

प्रत्यक्षात काय करतात?

सासूबाई फोनवर आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘आत वीज सोडतात म्हणे.’ शेजारच्या खाटेवरच्या बाईने त्यांना असे सांगितले होते. खरी भीती ही होती. म्हणून मी त्यांना जे सांगितले, तेच इथे लिहिते.

आदल्या दिवशी पोट साफ होण्याचे औषध देतात. त्या दिवशी कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात किंवा गुंगी देतात. लघवीची नळी घालतात. मग योनीमार्गातून गर्भाशयात एक बारीक पोकळ नळी आणि तिच्या बाजूला आणखी दोन नळ्या किंवा एक कडी बसवतात. पिशवी आणि गुदाशय लांब राहावेत म्हणून भोवती पट्टीचे कापड भरतात. या वेळी आत फक्त रिकाम्या नळ्या असतात, किरण नसतात.

त्यानंतर सीटी स्कॅन किंवा एमआरआय काढतात आणि डॉक्टर व भौतिकशास्त्राचे जाणकार मिळून हिशेब मांडतात. याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ न हलता पडून राहावे लागते. खरा त्रास असेल तर हाच: कंबर अवघडते, नळ्या टोचतात. दुखले तर सहन करू नका, सांगा. औषध देता येते.

मग यंत्राला नळ्या जोडतात. इरिडियम नावाच्या धातूचा, तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा तारेच्या टोकाला असतो. तो नळीतून आत जातो, ठरलेल्या जागी थोडे थोडे थांबतो आणि परत यंत्रातल्या पेटीत जातो. हे बहुधा दहा ते वीस मिनिटांत आटोपते. तेवढा वेळ तुम्ही खोलीत एकट्या असता, पण बाहेरून कॅमेऱ्यात दिसत असता, बोललेले ऐकू येते आणि काही झाले तर यंत्र लगेच थांबवतात. विजेचा झटका नाही, आग नाही. नंतर नळ्या काढतात आणि बरेचदा त्याच दिवशी घरी सोडतात. अशा बैठका दोन ते पाच होतात. किती, ते डॉक्टर ठरवतात.

आणखी एक गोष्ट घरातल्यांनी नीट ऐकावी. तुकडा यंत्रात परत गेला की बाईच्या अंगात किरण उरत नाहीत. तिच्याजवळ बसा, नातवंडाला मांडीवर द्या, तिच्या हातचे खा. हा रोग शिवून लागत नाही.

लाजेचा प्रश्न

सासूबाईंची दुसरी अडचण ही होती. उपचारासाठी जरुरतीपुरता सतर उघडण्याची इजाजत आहे, असेच उलेमा सांगतात. तरीही बाई डॉक्टर किंवा नर्स हजर असावी, असे मागायला संकोचू नका. उपचाराच्या आठवड्यांत रमजान आला, तर आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत आहे. सलाईनमधले औषध मूत्रपिंडावर ताण देते, म्हणून त्या दिवसांत पाणी भरपूर लागते.

नंतर काय होते?

काही दिवस लघवीला जळजळ, पातळ जुलाब, किंचित लालसर स्राव आणि थकवा येतो. बहुतेक त्रास काही आठवड्यांत ओसरतो. महिन्यांनंतर शौचातून रक्त दिसले, तर घाबरू नका, पण लपवूही नका. तो किरणांचा उशिराचा परिणाम असू शकतो आणि त्यावर इलाज आहे.

तरुण बाईची पाळी बंद होते आणि मूल होत नाही. हे उपचाराआधीच विचारून घ्यावे. योनीमार्ग कोरडा आणि अरुंद होतो. तसे होऊ नये म्हणून आतली हुळहुळ कमी झाल्यावर डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी वापरायला शिकवतात. ती विधवा आणि वयस्कर बाईनेही वापरायची असते, कारण पुढची तपासणी त्याच वाटेने करायची असते. शौहराशी संबंध कधी ठेवायचे, तेही डॉक्टरांना विचारा. जखम भरली की त्यात शौहराला कसलाही धोका नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. हा कॅन्सर जवळपास नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो शरीरसंबंधातून येतो. हे ऐकून काही घरांत बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवतात. हा जुलूम आहे. हा विषाणू विवाहित माणसांत अतिशय सर्रास आढळतो. बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघून जातो, काहींच्यात राहतो आणि दहा-वीस वर्षांनी रोग होतो. तो कुणाच्या पापाचा पुरावा नाही.

खर्च आणि घरातल्यांचे काम

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरच्या किरणोपचारांचा समावेश आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि आतला शेक तिथेच होतो का, हे दोन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. काही ठिकाणी बाहेरच्या शेकाचे यंत्र असते, आतल्याचे नसते. मग बाई मधेच दुसऱ्या रुग्णालयात पाठवली जाते आणि तिथेच गळते. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि सगळे कागद एका पिशवीत ठेवा.

सून-मुलींनो, आता तुमच्याबद्दल. हैज आणि इस्तिहाजा यांतला फरक आपल्या घरांत नमाजसाठी शिकवला जातो. तोच फरक प्रकृतीसाठीही लक्षात ठेवा. दोन पाळ्यांच्या मधे, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर एकदा जरी लाल गेले, तरी तपासून घ्या. घाण वास येणारे पांढरे पाणी जात असेल तरीही. आणि काही त्रास नसला, तरी तिशीनंतर तपासणी करा. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात, साध्या व्हिनेगरच्या तपासणीने या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी लसही आहे.

फोन झाल्यावर चौथ्या दिवशी सासूबाई सुनेबरोबर मुंबईला गेल्या. तीनपैकी दोन बैठका झाल्या आहेत, तिसरी येत्या मंगळवारी. पहिल्या बैठकीनंतर त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, ‘कंबर मोडली बघ माझी, पण वीजबीज काही नव्हती.’ मग म्हणाल्या, ‘त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला कसे कळवू गं? ती पण घरी गेली.’

तिचा पत्ता आमच्याकडे नाही. पण तुमच्या वाडीत, मोहल्ल्यात अशी कुणी शेक अर्ध्यावर सोडून आलेली असेल. हे पान तिला वाचून दाखवा.