म्हैस सावलीत, म्हातारी भट्टीत



सोयाबीनचे पैसे हातात आले, दिवाळी झाली आणि गावात पुन्हा खडी-वाळूच्या ढिगांनी रस्ते अडायला लागलेत. आमच्या एकट्या गावात या हंगामात सात-आठ घरं उभी राहतील. सगळी एकाच साच्यातली. वर पाच इंची स्लॅब, पश्चिमेला मोठी काचेची सरकती खिडकी, दारात झाड नाही, पुढं भडक रंगाचं एलिव्हेशन. एरवी मी इथं पिकाच्या नोंदी टाकतो. आज घरावर लिहितोय, कारण घराचा पैसा शेतातूनच जातो. कुणी एक एकर विकून बांधतंय, कुणी कर्ज काढून.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण मराठवाड्यातली माणसं 42-43 अंशाच्या उन्हात भट्ट्या बांधतोय आणि त्यांना बंगला म्हणतोय. मग जन्मभर ती भट्टी गार करायला वीज अन् पाणी विकत घेतोय.

खोटं वाटत असेल तर येत्या एप्रिलमध्ये रात्री आठ वाजता स्टुलावर चढा आणि स्लॅबला खालून हात लावा. सूर्य बुडून तास-दीड तास झालेला असतो, तरी स्लॅब हाताला गरमच लागतो. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री खाली सोडतं. म्हणजे आपण झोपायला जातो त्याच वेळेला वरून चूल पेटलेली असते. त्यात पंखा लावला की तो तीच गरम हवा अंगावर फेकतो.

आता तोच शेतकरी गोठा कसा बांधतो बघा. गोठा झाडाच्या सावलीला घेतो. पत्र्यावर उसाचं पाचट टाकतो. भिंत अर्धीच घेतो, का तर वारं खेळलं पाहिजे. उन्हानं म्हशीचं दूध आटतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे अक्कल नाही असं नाही, अक्कल आहे, पण ती गोठ्यापाशी संपते. आईचं दूध डेअरीला जात नाही, म्हणून तिच्या डोक्यावर तापलेला स्लॅब. आमच्या भावकीतली एक म्हातारी मे महिन्यात नव्या बंगल्यात झोपतच नाही, गोठ्यात खाट टाकते. पोरं म्हणतात, "तिला सवय नाही." अरे, सवय कशाची? भाजून घ्यायची?

"मातीच्या घरात पोरगी कोण देतं?"

हा पहिला प्रश्न येतो, आणि तो खरा आहे. सोयरे स्थळ बघायला आले की आधी वर बघतात. पण मी पोरीच्या बापाला विचारतो, तुमची लेक त्या घरात दुपारी कुठं असणार आहे? पश्चिमेच्या भिंतीला टेकून असलेल्या स्वयंपाकघरात, भाकरी थापत. तेव्हा एलिव्हेशन बघून परत येऊ नका. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला हात लावा, खिडकी कुठं आहे बघा, मग सुपारी फोडा.

आणि मी मातीचंच घर बांधा असं म्हणतच नाही. पक्कं बांधा, विटांचं बांधा, सिमेंट वापरा. फक्त डोकं लावून वापरा.

"मग भूकंपाचं काय?"

हा प्रश्न आमच्या भागात कुणी हसण्यावारी नेऊ नये. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आम्ही पाहिलेली आहे. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जवळपास 10 हजार माणसं गेली. तेव्हापासून "दगड-माती म्हणजे मरण" हे मनात बसलं, ते साहजिकच होतं.

पण माणसं कशानं गेली ते नीट समजून घ्या. भिंती दोन-तीन फूट जाड, पण आतून एकसंध नव्हत्या. बाहेर एक दगडाचा थर, आत एक थर, मधे खडे आणि चिखल. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत. वर माळवद, आणि गळतं म्हणून दर साली त्यावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. बाप टाकायचा, आजा टाकायचा, खरडून काढायचं कुणी नाही. डोक्यावर कित्येक टन माती झाली. जमीन हलली तशा भिंती फुगून फुटल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

म्हणजे किल्लारीनं सांगितलं ते इतकंच की, ढिली भिंत नको आणि डोक्यावर ओझं नको. स्लॅब घातला की माणूस वाचला, असं तिनं सांगितलेलं नाही. 26 जानेवारी 2001 ला भूजचा भूकंप झाला, तेव्हा तिथून दूर असलेल्या अहमदाबादेत कॉलम-स्लॅबच्या इमारतीसुद्धा कोसळल्या. काँक्रीटही वाईट बांधलं तर मारतंच.

म्हणून घर कशाचंही बांधा, या गोष्टींत तडजोड करू नका. जोत्याला, दरवाजा-खिडकीच्या डोक्यावर आणि छताखाली चारी भिंतींवरून फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा. कोपऱ्यांत उभी सळई. दगडाची भिंत असेल तर आरपार दगड. आणि इंजिनिअरची सही असलेलं ड्रॉइंग. पंधरा लाखांच्या घराला चार-पाच हजारांचं ड्रॉइंग महाग वाटतं, पण वास्तूवाल्याला मात्र न बोलता पैसे देतो.

सूर्य कुठून येतो ते फुकट दिसतं

आमच्या लातूर-धाराशिवकडं मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळं उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मार छताला बसतो. त्याखालोखाल पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला. दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात फार ऊन लागत नाही. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडं कलतो आणि तिथून ऊन घरात येतं, तेव्हा ते हवंच असतं. एवढं कळलं की अर्धं घर कळलं.

घर पूर्व-पश्चिम लांब ठेवा, म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतात आणि उन्हाच्या बाजूला आखूड भिंती. खिडक्या उत्तर-दक्षिण, समोरासमोर. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला छज्जा कामाचा नाही, कारण संध्याकाळचं ऊन आडवं येतं. तिकडं जिना, न्हाणी, संडास, सामानाची खोली घ्या, म्हणजे त्या खोल्या ढाल होतात. नाहीतर ओसरी काढा. आणि भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर कडुनिंब लावा. तो मोठा होईपर्यंत दोन शेवगे लावा, दुसऱ्या वर्षी सावली देतात आणि शेंगाही.

जागा गावठाणात अडचणीची असेल, दिशा बदलता येत नसेल, तर निदान पश्चिमेला काच लावू नका.

खिडकीचं आणखी एक. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत सहसा निम्मीच जागा उघडते. चार फुटांचे पैसे द्यायचे आणि दोन फुटांचं वारं घ्यायचं. दोन पाकांची साधी खिडकी पूर्ण उघडते. वर स्लॅबच्या खाली वीतभर अंतरावर झरोके ठेवा, गरम हवा वर चढते ती तिथून निघून जाते. जुन्या माळवदाला उजेडासाठी आणि धुरासाठी भोक असायचं, तेच हे काम करायचं. आणि उन्हाळ्यात खिडक्या सकाळी नऊलाच बंद करा, सूर्य बुडाल्यावर सगळ्या उघडा. आमच्याकडं बरोबर उलटं चालतं. दुपारी झळा घरात आणि रात्री चोराच्या भीतीनं सगळं बंद. गज लावा, जाळी लावा, पण रात्री वारं येऊ द्या.

भिंत आणि छत

गवंड्याला "रॅट ट्रॅप" म्हणून विचारा. विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या लावायच्या, भिंतीत मधे पोकळी राहते. भिंत नऊ इंचीच होते, पण विटा सुमारे पाव हिश्श्यानं कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन आत येऊ देत नाही. उभी सळईही त्याच पोकळीतून घेता येते. विटा मात्र सारख्या मापाच्या लागतात, वाकड्यातिकड्या भट्टीच्या विटांवर हे काम जमत नाही.

छतासाठी "फिलर स्लॅब". स्लॅबच्या खालच्या अंगाला ताण असतो, तो सळई पेलते. तिथलं काँक्रीट नुसतं ओझं असतं. मग सळयांच्या चौकटीत मधे मंगलोरी कौलं जोडीनं पालथी ठेवायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, कौलांमधल्या हवेनं ऊन थोपतं. केरळात लॉरी बेकर यांनी या दोन्ही पद्धतींनी आयुष्यभर घरं बांधली. इंग्लंडातून आलेला माणूस, 1990 ला पद्मश्री मिळाली, 2007 ला गेले. म्हणजे हे प्रयोगाचं सोंग नाही, त्या घरांत माणसं राहतायत.

मी 2012 ला घर बांधलं तेव्हा गवंडी म्हणाला, "दादा, कौलं घालून स्लॅब खाली यील." मी त्याला इंजिनिअरचं ड्रॉइंग दाखवलं आणि म्हणालो, पडलं तर माझ्यावर पडंल. 13 पावसाळे झाले, अजून गळलेलं नाही. खालून कौलं दिसतात, प्लॅस्टरही केलं नाही. लोक आले की विचारतात, काम अर्धवट का ठेवलंय. जेवण झालं की मात्र तिथंच आडवे होतात.

ज्यांचा स्लॅब पडून गेलाय त्यांनी

घर पाडा म्हणत नाही. चुना लावा. काळवंडलेला स्लॅब निम्म्याहून जास्त ऊन पितो, पांढरा चुना बहुतेक ऊन माघारी फेकतो. फेब्रुवारीत छत झाडून धुऊन घ्या. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवा, गाळा, त्यात डिंक नाहीतर फेव्हिकॉल मिसळा, आणि एक हात उभा, दुसरा हात आडवा मारा. चुना भिजवताना उकळतो, लेकरांना लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे घाला. पावसात धुऊन जातो, दरसाल लावायचा. तेलंगणानं 2023 ला छतं पांढरी करायचं सरकारी धोरणच काढलंय. आपल्या शेजारच्या राज्याला कळलं, आपण अजून पुट्टीचा रंग निवडतोय.

शेडनेट तर आपल्याकडं पडलेलीच असते. छतापासून तीन-चार फूट उंच बांबू-तारेवर ताणून बांधा, मधून वारं गेलं पाहिजे. मेच्या वादळवाऱ्याला उडणार नाही अशी घट्ट बांधा.

छतावर पाणी मारू नका. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते विसरायचं नाही. कूलरही पाणीच पितो, आणि गावात टँकर सुरू होतो तेव्हाच तो सगळ्यात जास्त पितो.

मग वीज

साधा पंखा सुमारे 75 वॅटचा, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. चार पंखे, रोज पंधरा तास धरा. साधे पंखे दिवसाला साडेचार युनिट खातात, बीएलडीसी 1.8. महिन्याला 81 युनिटचा फरक. आणि बिल 100 युनिटच्या वर गेलं की वरच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो, ते वेगळंच. सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या सोलरला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे, जरूर घ्या. पॅनलची सावलीही छतावर पडते. पण आधी घर गार करा, पंखे बदला, मग सोलर. पाइपलाइन फुटकी ठेवून आपण मोटार मोठी बसवत नाही, मग घराला तसं का करायचं?

घरकुलवाल्यांनी तर हे जास्त ध्यानात घ्यावं. ठरलेलं अनुदान मिळतं, निदान 269 चौरस फूट बांधायचं असतं. एवढ्याशा जागेवर उघडा स्लॅब आला की माणसाला सरकायलाही दुसरी खोली नसते. एसी त्याला परवडणार नाही. दिशा, झरोका, झाड आणि चुना एवढंच त्याच्या हातात आहे, आणि यातल्या दिशेला तर एक रुपया लागत नाही.

तेव्हा खडी टाकायच्या आधी एका कागदावर लिहा: लांब भिंती उत्तर-दक्षिण. पश्चिमेला काच नाही. खिडक्या समोरासमोर, वर झरोके. भूकंपाचे पट्टे. छत पांढरं. तो कागद गवंड्याच्या हातात द्या आणि त्याच्याकडून होकार घ्या. "असं कुणी करत नाही" म्हणाला तर गवंडी बदला. पैसे तुमचे आहेत, आणि मे महिन्यात त्या छताखाली तो झोपणार नाही, तुम्ही झोपणार आहात.