शेकोटीपुढे शब्द कशाला हवेत?

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये सध्या नवा नियम निघालाय. शेकोटीला गाणी म्हणायची, वाजवायची नाहीत. का, तर कोळीगीत नुसतं माऊथ ऑर्गनवर वाजवलं की म्हणे त्याचा "आत्मा" जातो.

मंडळी, पहिलं कडवं संपल्यावर पुढचे शब्द येतात कितीजणांना? अर्धे लोक "ला ला ला" करतात, उरलेले मोबाईलवर लिरिक्स शोधतात, आणि राजमाचीला रेंज मिळेपर्यंत लाकडं विझतात. चाल मात्र सगळ्यांना पाठ असते. मग तीच वाजवली तर बिघडलं कुठे?

आणि हा आक्षेप मुंबईकरांनी घ्यावा? विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी तासन्‌तास कोळीगीतं वाजवते. शब्द एक नसतो, तरी अख्खा रस्ता नाचतो. (हा बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. जपानात नागोयाला १९१२ साली ताइशोगोतो नावाचं बटणांचं तंतुवाद्य निघालं, त्याचा हा वंशज. आपण त्याला अँप्लिफायर जोडला आणि तो पार कोळीवाड्याचा झाला.) प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' ऐकताना शब्द आपोआप कानात यायचे. आमच्या मरोळच्या गावठाणात ईस्ट इंडियन वस्ती आहे. त्यांच्या लग्नात उंबराच्या पाण्याला बँड वाजतो. तिथे कोणी आत्मा शोधत बसत नाही.

एक मुद्दा मात्र मान्य. गिटारवाला एकटाच सुटला की गाण्याचं वाटोळं होतं. डोळे मिटून कारागिरी, मध्येच ब्लूज, आणि बाकीचे वीसजण प्रेक्षक! या गाण्यांची बांधणीच दोन बाजूंची. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. पोवाड्यात शाहिराला झीलकरी लागतात ते उगाच नाही.

म्हणून दोन वाद्यं घ्या. माऊथ ऑर्गनने ओळ टाकावी, गिटारने झील धरावी. माऊथ ऑर्गनची पट्टी ठरलेली, तेव्हा गिटारवाल्याने कॅपो लावून जुळवून घ्यावं. (भांडणं इथेच होतात.) झील आली की हात टाळीला आपोआप जातात. ज्याला शब्द येतात त्याने खुशाल गावं, त्याला कोणी अडवलंय?

सोलोची हौस घरी भागवा. पुढच्या ट्रेकला माऊथ ऑर्गन मी आणतोय, जोडीला लय न सोडणारा गिटारवाला हवाय. लिरिक्स शोधणाऱ्यांनी पॉवर बँक स्वतःची आणावी.