भूल देणाऱ्या डॉक्टरबाई

ऑपरेशन ठरले की आपण सर्जनचे नाव विचारतो. भूल कोण देणार, हे मात्र कोणी विचारीत नाही. तो कोणी मदतनीस असावा, अशीच आपली समजूत. प्रत्यक्षात भूलतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे भूलशास्त्राचे वेगळे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो.

बाबासाहेब 1913 ते 1916 ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथूनच 1933 साली व्हर्जिनिया अपगार डॉक्टर झाल्या. त्यांना सर्जन व्हायचे होते. बायकांचा त्या धंद्यात जम बसत नाही, असे सांगून वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळविले. तेव्हा अमेरिकेत भूल बहुधा नर्स देत. डॉक्टरलोक ते काम हलके मानीत. अपगारबाई ते नेटाने शिकल्या. 1938 मध्ये विभागप्रमुख झाल्या, 1949 मध्ये तिथल्या वैद्यकीय कॉलेजच्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक. 1952 मध्ये त्यांनी नवजात बाळ तपासण्याची सोपी रीत मांडली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोर, प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. बाळंतपणाच्या कागदावर ‘अपगार 9/10’ लिहितात, ते हेच.

काम हलके ठरवून माणसालाही हलके ठरवायचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. म्हणून दोन गोष्टी करा. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला भेटा. दमा, तंबाखू, दारू, चालू असलेल्या गोळ्या, काही लपवू नका. आणि घरातली मुलगी सायन्सला असेल तर हाही रस्ता तिला दाखवा.