हमीपत्राने हवा बदलत नाही

महामारीत महाविद्यालयं सुरक्षितपणे उघडता येत नाहीत, हे साफ खोटं आहे. ती सुरक्षितपणे उघडण्यासाठी लागणारे कष्ट आणि पैसे कुणालाच खर्च करायचे नव्हते, हे खरं आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत सरकारने, विद्यापीठांनी आणि संस्थाचालकांनी विद्यार्थ्यांचं जे केलं, त्याचा हिशेब अजून कुणी मागितलेला नाही. नगर जिल्ह्यात शिकवणारा एक शिक्षक म्हणून तो मी मागतो आहे.

आधी तारखा बघा. ५ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यातली हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले. १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, शिर्डीचं साईमंदिर भाविकांसाठी उघडलं. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. गावोगावची मतदान केंद्रं होती जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये. जी खोली पहिलीच्या पोरांना धोक्याची होती, तिच्यात अख्खा गाव रांग लावून मतं टाकून गेला. महाविद्यालयांची दारं उघडायला १५ फेब्रुवारी उजाडला, आणि काही आठवड्यांत दुसरी लाट येऊन ती पुन्हा लागली. हॉटेलात राबणाऱ्या पोराच्या पोटावर पाय यावा असं मी म्हणत नाही, भाविकांच्या श्रद्धेशीही माझं भांडण नाही. माझा राग या क्रमावर आहे. सगळ्यात आधी बंद शिक्षण, सगळ्यात शेवटी सुरू शिक्षण. विद्यार्थी मोर्चे काढत नाहीत, गल्ल्यावर बसत नाहीत आणि निम्म्यांना मत नसतं, म्हणून हे खपलं.

४ ऑक्टोबर २०२१ हा दिवस नगरकरांनी तरी विसरू नये. त्या दिवशी राज्यभर शाळांच्या घंटा वाजल्या आणि त्याच दिवशी आपल्या जिल्ह्यातल्या ६१ गावांत दहा दिवसांची टाळेबंदी लागली. त्यांत सर्वाधिक गावं संगमनेर तालुक्यातली. राज्य उघडत असताना आपण बंद होत होतो, कारण रुग्ण हटत नव्हते. अशा जिल्ह्यात शाळा-महाविद्यालयं उघडताना चौपट काळजी घ्यायला हवी होती. घेतली काय? थर्मल गन, सॅनिटायझरची बाटली आणि पालकांचं संमतीपत्र.

त्या संमतीपत्रावर मला बोलायचंच आहे. पाल्य आजारी पडल्यास जबाबदारी आमची, अशा अर्थाच्या कागदांवर पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड मजुरांनी अंगठे उठवले. खिडकी उघडते की नाही हे बापाला ठाऊक नाही, वर्गात किती मुलं बसतात हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, वसतिगृहाची खोली त्याने पाहिलेली नाही. ज्यांच्या हातात खोली, खिडकी आणि मेस होती, त्यांनी जबाबदारी ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याच्या नावावर चढवली. याला सुरक्षितता म्हणत नाहीत. कोर्टकचेरी टाळण्यासाठी केलेली ती सोय होती.

लसीच्या दाखल्याचंही तेच. २० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालयात यायचं तर दोन डोस हवेत, असा नियम झाला. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर सक्तीचं होतं. म्हणजे २८ जुलैनंतर ज्याला पहिली लस मिळाली, त्याला २० ऑक्टोबरला वर्गात बसणं नियमानेच अशक्य. गावच्या आरोग्य केंद्रासमोर पहाटेपासून रांगा लावून रिकाम्या हाताने परतलेल्या पोरांना हा नियम बाहेर ठेवत होता. लस हवीच होती. ती जीव वाचवते, हे निर्विवाद आहे. पण संसर्ग थांबवायला ती एकटी पुरत नाही, हे महिन्याभरात धारवाडच्या वैद्यकीय महाविद्यालयाने दाखवलं. तिथल्या एका समारंभानंतर अडीचशेहून अधिक जण बाधित निघाले, आणि त्यांतल्या बहुतेकांचे दोन्ही डोस झालेले होते.

मग डिसेंबर आला. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या जवाहर नवोदय विद्यालयात आधी १९ जण बाधित सापडले आणि दोन-तीन दिवसांत आकडा पन्नासच्या आसपास गेला. सहावी ते बारावीची निवासी शाळा, चारशेहून अधिक मुलं. त्यांच्या वयाला तेव्हा लस उपलब्धच नव्हती. १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं ३ जानेवारी २०२२ ला. हा प्रकार अनपेक्षित होता, असं कुणी म्हणू नये. त्याच वर्षी फेब्रुवारीत वाशीम जिल्ह्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक मुलं बाधित निघाली होती. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये मद्रासच्या आयआयटीत वसतिगृहांत शंभरावर विद्यार्थी सापडले, आणि तिथे सगळ्यांसाठी एकच मेस चालू होती. तीन ठिकाणं, पण वाट एकच: एकत्र झोपणं आणि एकत्र जेवणं. तरीही आपल्याकडे चर्चा बाकांमधल्या अंतरावरच अडली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं होतं की वसतिगृहात एका खोलीत दोघांनी राहू नये. ही सूचना लिहिणाऱ्याने आपल्या जिल्ह्यातलं एखादं सरकारी वसतिगृह डोळ्यांनी पाहिलं होतं का? जिथे एका खोलीत चौघांचे पलंग एकमेकांना खेटून असतात, तिथे हा नियम पाळायचा तर चारातल्या तिघांना घरी पाठवा किंवा नव्या खोल्या द्या. खोल्यांसाठी पैसा आला नाही. म्हणून नियम फायलीत राहिला, आणि पोरं एक तर घरी राहिली, नाही तर खोलीत दाटीने.

हा आजार हवेतून पसरतो. जगभरच्या २३९ शास्त्रज्ञांनी जुलै २०२० मध्ये जाहीर पत्र लिहून हे सांगितलं होतं. अमेरिकेत स्कॅजिट व्हॅलीत मार्च २०२० मध्ये एका गायनवृंदाची तालीम झाली. ६१ जण हजर होते, त्यांतले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. बंद खोली, मोठ्याने निघणारे आवाज, बराच वेळ. आपला तासही याहून वेगळा काय असतो? तरी आपण बाक पुसत राहिलो, फरशीवर हायपोक्लोराइट फवारत राहिलो, आणि गंजलेल्या, खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्यांकडे कुणी वळून पाहिलं नाही.

काय करता येतं याचं उदाहरण शोधायला दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने आधी गाव सावरलं. पथकं करून घरोघर तपासणी केली, बाधितांना वेगळं ठेवलं, गाव कोरोनामुक्त केलं आणि जून २०२१ मध्ये, राज्याच्या कितीतरी आधी, शाळा भरवली. मोठ्या विद्यापीठालाही हा मार्ग बंद नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने चॅपेल हिलला १० ऑगस्ट २०२० रोजी वर्ग सुरू केले आणि आठवड्याभरात पदवीचे वर्ग ऑनलाइन नेण्याची वेळ आली. इलिनॉय विद्यापीठाने त्याच महिन्यात आठवड्यातून दोनदा लाळेची चाचणी सक्तीची केली. रुग्ण तिथेही वाढले, पण ते वेळेत दिसले आणि सत्र पार पडलं. दोघांत फरक पडला तो तयारीचा.

आणि ज्यांनी दोन वर्षं ‘जीव वाचला तर शिक्षण’ असं म्हणत घरी बसून मोबाइलवर व्याख्यानं दिली, त्यांनाही मी सोडणार नाही. अकोले तालुक्याच्या डोंगरात रेंजसाठी टेकडी चढणारी मुलगी तुमच्या हजेरीपटावर होती. घरात एक मोबाइल असेल तर तो भावाच्या हातात जातो, हे तुम्हाला माहीत होतं. मुलगी घरी बसली की स्थळं येऊ लागतात, हेही माहीत होतं. महाविद्यालय पुन्हा उघडलं तेव्हा माझ्या वर्गातल्या काही मुली आल्या नाहीत. त्यांची लग्नं झाली होती. बंद दारांनीही आयुष्यं गेली. फक्त त्यांची नोंद कुठल्या बुलेटिनमध्ये झाली नाही.

आता म्हणाल, साथ गेली, कशाला उकरता? कारण खोल्या त्याच आहेत, मेस तीच आहे. क्षयरोगही हवेतूनच पसरतो, आणि त्याला कोणतीही लाट लागत नाही. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक आजही ताप अंगावर काढून तास घेतो, कारण तास बुडाला तर मानधन बुडतं. मेसमधल्या कंत्राटी बायकांना आजारपणाची पगारी रजा आजही नाही. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या धाकाने खोकणारी मुलं आजही वर्गात येतात. साथ पसरवण्याची ही व्यवस्था आपण जपून ठेवली आहे.

म्हणून मागण्या सरळ आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांच्या प्रत्येक वर्गाची हवा मोजावी; त्यासाठीचं कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र काही हजारांत मिळतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठापासून तालुक्याच्या सरकारी वसतिगृहापर्यंत प्रत्येक ठिकाणी विलगीकरणाच्या खोल्या राखून ठेवाव्यात. मेस पाळ्यांमध्ये आणि शक्य तिथे उघड्यावर चालावी. आजारपणात हजेरी आणि मानधन कापलं जाऊ नये. आणि पुढच्या साथीत शिक्षण सगळ्यात शेवटी बंद होईल व सगळ्यात आधी उघडेल, असा नियम सरकारने आजच करावा.

पालकांनो, पुढच्या वेळी तुमच्यासमोर संमतीपत्र आलं, तर सही करण्याआधी मुलाचा वर्ग आणि वसतिगृहाची खोली दाखवा म्हणून सांगा. दाखवत नसतील, तर सही करू नका.